चहा जमला

फोंडा, श्रावणाचा दुसरा आठवडा

आज सकाळी चहा केला. याची नोंद एवढ्यासाठी, की एप्रिलमध्ये मला तो करता येईनासा झाला होता. पाणी ठेवलं आणि पुढे काय, ते सुचेना. पावडरीचा डबा हातात धरून मी उभी, पाणी आटलं, टोप करपला. आई धावत आली, "कितें जालें गो?" माझ्या तोंडून शब्द फुटेना.

ऑफिसात कुणाला काही कळलं नव्हतं. कळणार कसं? बोलणाऱ्याच्या डोळ्यांत किती वेळ बघायचं, विनोदावर कधी हसायचं, हे मनात मोजून करण्यात शाळेपासून हात बसलाय. त्यात पणजीच्या बसमधली गाणी, ट्यूबलाइटची घूं घूं. सगळे म्हणाले, सुट्टी घे. घेतली, आणि चार दिवस मामेबहिणीच्या लग्नात काढले. (शहाणपण बघा!) परतले ती आणखी रिकामी होऊन.

मग ऑटिस्टिक बर्नआउटवरचा, म्हणजे ऑटिझम असलेल्यांना येणाऱ्या या पार रिकामं करणाऱ्या थकव्यावरचा, २०२० सालचा संशोधक डोरा रेमेकर आणि सहकाऱ्यांचा अभ्यास वाचला. माझ्यासारख्या ऑटिस्टिक माणसांचं ऐकून लिहिलेला. तीन महिने नि त्याहून जास्त रेंगाळणारा थकवा, येत असलेली कामं न येणं, आवाज-उजेड सोसेनासा होणं. करपलेला टोपच दिसला मला त्यात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणातला बर्नआउट फक्त नोकरीतल्या ताणाचा. माझा तर लग्नाच्या पंगतीतही वाढला.

मे महिन्यापासून बिनपगारी रजेवर आहे. झोपून फारसं काही भरून आलं नाही. मोजूनमापून वागायचं नाटक बंद केलं तेव्हा आलं. आता बोलताना जमिनीकडे बघते. बोलवत नसेल तेव्हा फ्रिजवर चिठ्ठी लावते. आई चष्मा लावून वाचते नि खालीच उत्तर लिहिते. दुपारी दिवा न लावता पागोळ्या ऐकत सुंभाला गाठी मारत बसते. एक, दोन, सोडायची, पुन्हा. त्या बघून आई म्हणाली, चवथीला गणपतीवरची फळापानांची माटोळी तूच बांध, आरतीला घुमट वाजायला लागलं की मागच्या पडवीत जा.

"मामा काय म्हणतील?"

"म्हणूं दी."

पाववाल्या पोदेराचा भोंगा मात्र अजून कानात घुसतो. उंडे (गोल पाव) आणायला आईच जाते.

चहात साखर राहिली होती. वरून घातली. रजा सप्टेंबरअखेर संपते. बसचा विचार आला की पोटात गोळा येतो, तेव्हा तो आज नको.