चिल्हम ते कँटरबरी: एका दिवसाची पायवाट आणि चार जुनी चर्चं

इंग्लंडमधल्या कँटरबरीला पायी जाण्याची रीत पडली ती थॉमस बेकेटमुळे. 29 डिसेंबर 1170 रोजी कँटरबरीच्या या आर्चबिशपचा, म्हणजे मुख्य धर्मगुरूचा, त्याच्याच कॅथीड्रलमध्ये खून झाला, 1173 मध्ये त्याला संतपद मिळालं आणि 1538 मध्ये आठव्या हेन्रीच्या राजवटीत समाधी फोडली जाईपर्यंत यात्रेकरूंची रीघ लागलेली होती. आम्ही या वाटेचा फक्त शेवटचा टप्पा चाललो. केंट परगण्यातल्या चिल्हम गावापासून कँटरबरी साधारण 11 किलोमीटर. नुसतं चालायला तीन-साडेतीन तास पुरतात, पण वाटेवरची चर्चं पाहायची तर अख्खा दिवस हाताशी ठेवा. कॅथीड्रल सगळेच पाहतात. गावातल्या या छोट्या चर्चना मात्र बाहेरूनच नमस्कार होतो, आणि खरं शिकण्यासारखं तिथेच आहे.

चिल्हमचं सेंट मेरी चर्च चौकाला लागूनच आहे. आत जाण्याआधी भिंत जवळून पाहा. इथल्या टेकड्या खडूच्या, आणि त्या खडूत चकमकीच्या गाठी सापडतात. चांगला बांधकामाचा दगड जवळपास नाही, म्हणून भिंती चकमकीच्याच. पण गोल, वेड्यावाकड्या गाठींनी सरळ कोपरा उभा राहत नाही. म्हणून कोपरे, खिडक्या आणि कमानी यांना घडीव दगड लागतो, आणि कितीतरी ठिकाणी तो फ्रान्सच्या नॉर्मंडीतल्या कान शहरातून समुद्रमार्गे आणलेला आहे. चकमक पाणी शोषत नाही, त्यामुळे चुना सावकाश धरतो. घाईने भिंत चढवली तर खालचा भाग वजनाने फुगतो, म्हणून गवंडी थोडी उंची बांधून थांबत. नीट पाहिलं तर थांबल्याच्या त्या आडव्या रेषा आणि परांचीच्या वाशांची बुजवलेली भोकं अजून दिसतात. जुन्या चर्चचं सर्वांत मोठं नुकसान पुढच्या काळातल्या दुरुस्तीने झालंय. चुन्याच्या जागी सिमेंटने दरजा भरल्या की ओल बाहेर पडायला वाट राहत नाही, आणि थंडीत तेच पाणी गोठून दगडाचे पापुद्रे निघतात.

एक साधी गोष्ट: दार ढकलून उघडलं नाही म्हणून कुलूप आहे असं समजून परतू नका. ओकच्या जड दाराची लोखंडी कडी पूर्ण फिरवावी लागते, तेव्हा आतली खिट्टी उचलली जाते. निघताना दार ओढून घ्या, नाहीतर पाखरं आत अडकतात.

पुढे ओल्ड वाइव्हज लीज गावावरून सफरचंदांच्या बागांतून वाट जाते. वाट दाखवणारं एकॉर्नचं, म्हणजे ओकच्या फळाचं चिन्ह शोधत राहा. पावसानंतर खडूवरची चिकणमाती साबणासारखी निसरडी होते आणि त्यातच चकमकीच्या धारदार कपच्या असतात. पातळ तळव्याचे बूट इथे चालत नाहीत. चार्टम हॅचनंतर बिगबरीची लोहयुगातली तटबंदी लागते, तिथून उतरलं की हार्बलडाउन.

इथलं सेंट निकोलस चर्च कुष्ठरोग्यांसाठी बांधलेलं. आर्चबिशप लॅनफ्रँकने 1084 च्या सुमारास इथे रुग्णालय काढलं. ते शहराबाहेर, पण यात्रेकरूंच्या रस्त्यावर, म्हणजे भिक्षा मिळावी. आत पाऊल टाकल्यावर जमीन उतरती आहे हे पायाला आधी कळतं. रोगी येऊन गेल्यावर फरशी धुता यावी म्हणून हा उतार ठेवला, असं सांगतात. दुसऱ्या हेन्रीने याच रुग्णालयाला वर्षाला 20 मार्क, म्हणजे 13 पौंड 6 शिलिंग 8 पेन्स, लावून दिले.

तोच राजा 12 जुलै 1174 रोजी पुढच्या सेंट डन्स्टन चर्चपाशी राजवस्त्रं उतरवून, अनवाणी कॅथीड्रलकडे गेला. त्याच्याच सरदारांनी केलेल्या बेकेटच्या खुनाचं प्रायश्चित्त घ्यायला. याच चर्चमध्ये रोपर घराण्याच्या तळघरात आठव्या हेन्रीचा एकेकाळचा मंत्री आणि लेखक थॉमस मोर याचं शिर आहे. 1535 मध्ये शिरच्छेद झाल्यावर लंडन ब्रिजवर टांगलेलं ते शिर त्याच्या मुलीने, मार्गारेट रोपरने, मिळवलं होतं. तिथून वेस्टगेट या शहराच्या जुन्या वेशीतून आत शिरलं की कॅथीड्रल दहा मिनिटांवर.

बहुतेकांची वाट तिथे संपते. तुम्ही मात्र पूर्वेला आणखी पंधरा-वीस मिनिटं चाला आणि सेंट मार्टिनला जा. ते रोज उघडं नसतं, वेळ आधी पाहून ठेवा. ऑगस्टीन 597 मध्ये धर्मप्रसारासाठी केंटला आला, त्याच्या आधीपासून मूळची फ्रँक राजकन्या असलेली केंटची राणी बर्था इथे प्रार्थनेला येत असे. इंग्रजी भाषक जगात आजही वापरात असलेलं सर्वांत जुनं चर्च ते हेच मानतात. वेदीकडच्या भागाची दक्षिण भिंत बाहेरून पाहा. रोमनांच्या चपट्या लाल विटांचे थर, त्यात बुजवलेलं एक दार, वर आडवा सपाट दगड. शेजारीच दुसरं बुजवलेलं दार आहे, त्याला गोल कमान. सपाट दगडाचं दार आधीचं, कमानीचं नंतरचं सॅक्सन. पूर्वेकडे पुढे गेलं की विटा संपतात आणि भिंतीची जातच बदलते. हा मध्ययुगात वाढवलेला भाग. मधला सांधा बोटाने चाचपता येतो.