कंपनीत लैंगिक छळाची तक्रार केली, त्याचा माझा अनुभव

चाकणच्या एका कंपनीत मी स्टोअर्सला आहे. आमचा एक सीनियर रात्री उशिरा मेसेज टाकायचा, आधी कामाचे, मग "आज ड्रेस छान होता" वगैरे, मग रॅकच्या मधल्या बोळात वाट अडवून उभा राहायला लागला आणि एक दिवस हात धरला. नावं देत नाही, पॉश कायद्यात (कामाच्या ठिकाणी बायकांचा लैंगिक छळ रोखणारा २०१३ चा कायदा) गोपनीयतेचं कलम आहे, पण प्रोसेस कशी असते हे मला आधी कोणीच सांगितलं नव्हतं म्हणून लिहितेय.

सगळ्यात आधी लोक काय बोलतात ते. "अगं दुर्लक्ष कर", "तो तसाच आहे", "घरी तुझ्या लग्नाचं बघतायत ना, कशाला बोभाटा?" बोलणाऱ्या सगळ्या माझ्या जवळच्या आणि काळजीनेच बोलत होत्या, तरी प्रत्येक वेळी मी अजून गप्प व्हायचे. क्वालिटीतली एक ताई तेवढी म्हणाली, मेसेज डिलीट करू नकोस आणि काय झालं ते आजच तारीख-वेळ टाकून वहीत लिही. माझी केस त्या वहीवरच उभी राहिली.

एचआरला तोंडी सांगितलं तर "बघतो" म्हणाले, आणि काहीच झालं नाही. याच कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे अशा तक्रारींची चौकशी करायला अंतर्गत समिती लागतेच, अध्यक्ष सीनियर बाई, निम्म्या तरी बायका आणि एक मेंबर बाहेरचा, सामाजिक संस्थेतला वगैरे. (दहापेक्षा कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं.) तक्रार लेखी आणि घटनेपासून तीन महिन्यांच्या आत, उशीर का झाला ते समितीला पटलं तर अजून तीन महिने मिळतात. सहा प्रती द्याव्या लागतात, मी स्क्रीनशॉटचे प्रिंट आणि वहीची पानं जोडली, आणि माझ्या कॉपीवर पोच घेतली, ती घ्याच.

त्याच अर्जात लिहिलं की चौकशी संपेपर्यंत मला त्याच्या हाताखाली ठेवू नका. असं मागता येतं, बदली किंवा तीन महिन्यांपर्यंत जादा रजा पण मागता येते, पण रजा मला नको होती, मी का घरी बसू? त्याला दुसऱ्या शेडला हलवलं. मग एचआरचा एक जण सारखा "मिटवून टाका" म्हणायला लागला, तेव्हा बाहेरच्या मेंबर मॅडमनी त्याला तिथल्या तिथे सांगितलं की समेट फक्त हिने मागितला तरच, आणि पैसे देऊन तर नाहीच नाही.

सुनावणीत वकील चालत नाहीत, दोघांनाही. मी समोरासमोर बसायला नकार दिला, त्याचे प्रश्न समितीनेच मला विचारले. खरी अडचण साक्षीदाराची होती. बोळातला प्रकार फक्त सफाईच्या मावशींनी बघितला होता आणि त्या कॉन्ट्रॅक्टवर, ठेकेदार उद्या गेटवरूनच परत पाठवेल ही भीती. मी एकदा विचारलं, त्या नाही म्हणाल्या, मी परत विचारलं नाही. तारखेला आल्या, पदर खोचलेला, हातात झाडू तसाच, आणि म्हणाल्या, "पोरगी हात सोडवत होती, मी बादली आपटली तवा त्यो गेला." बास एवढंच. ती बादली त्यांनी मुद्दाम आपटली होती हे मला तेव्हा कळलं, आणि मी तिथेच रडले.

चौकशी ९० दिवसांत व्हायला हवी, झाली. तो दोषी ठरला, कंपनीने काढून टाकलं. त्याला अपील करता येतं, अजून तरी केलेलं नाही.

नंतर समितीने सगळ्यांकडून बिननावाच्या चिठ्ठ्या मागवल्या, असं काही दिसलं तर तुम्ही काय कराल, काय बदलायला हवं. बऱ्याच पुरुषांनी खोट्या तक्रारींचं लिहिलं, त्यांची भीती मला कळते, पण पुरावा कमी पडला म्हणून तक्रार खोटी ठरत नाही, कायद्यात तसं स्पष्ट आहे, आणि हे मीटिंगमध्ये मोठ्याने सांगायला हवं होतं ते सांगितलं नाही याचा मला राग आहे. एकाने लिहिलं, सेकंड शिफ्टच्या बसमध्ये लेडीज सिक्युरिटी द्या. मावशींना लिहिता येत नाही, त्यांची चिठ्ठी मी लिहिली: नोटीस इंग्रजीत आहे ती मराठीत लावा, फोन नंबर मोठा टाका आणि आमची मीटिंग आमच्या टायमाला घ्या. ठेकेदाराच्या बायकांनासुद्धा हाच कायदा लागू आहे, तरी ट्रेनिंगला त्यांना कधी बोलावलेलंच नाही.

मराठी नोटीस लागली. त्यांच्या मीटिंगसाठी मी समितीच्या मागे लागलेय. तुमच्याकडे कॉन्ट्रॅक्टच्या बायकांपर्यंत हे कसं पोचवलं, आणि साक्षीदाराचं काम जाऊ नये म्हणून कोणी काही लेखी घेतलंय का, ते मला खरंच हवंय, सांगा.