फुंकर कोणी घालायची?

शाळेतून फोन आला तेव्हा सव्वादोन वाजले होते. मनू मैदानातल्या आडव्या दांड्यांना लोंबकळत होती, हात सुटला आणि पडली. मी पोचले तेव्हा शाळेच्या नर्सने तिचा डावा हात झोळीत बांधला होता, पण कोपर केवढं सुजलंय ते वरूनही दिसत होतं. एरवी शाळेत चुकूनही मराठी न बोलणारी माझी पाच वर्षांची पोर मला बघितल्याबरोबर म्हणाली, "आई, बाऊ झाला."

गाडीत मागच्या सीटवरून पहिला प्रश्न आला, "सुई असेल का?"

मला उत्तर देता येईना. गेल्या वर्षी लसी द्यायच्या होत्या तेव्हा बागेत जातोय असं सांगून मी तिला दवाखान्यात नेलं होतं. वेळ मारून नेली खरी, पण तेव्हापासून मी "काही नाही गं" म्हटलं की ती जास्तच घाबरते. ती चूक माझीच, आणि त्या दिवशी अमेरिकेतल्या क्लीव्हलँडच्या बर्फात गाडी चालवताना ती मला फार टोचली.

रुग्णालयात आधी नाकात वेदनाशामक औषधाचा फवारा मारला. एक्स-रेमध्ये कोपराच्या जरा वर हाड मोडलेलं दिसलं. या वयात पडून कोपराशी हाड मोडलं, तर बहुतेकदा तिथेच मोडतं म्हणे. शस्त्रक्रिया करायची म्हणजे आधी सलाईन लावणं आलं. म्हणजे सुई आलीच.

तेवढ्यात एक मुलगी पिशवी घेऊन आली. ती डॉक्टरही नव्हती आणि नर्सही. रुग्णालयातल्या मुलांना धीर देणं, पुढे काय होणार ते समजावणं हे तिचं काम; अशा माणसाला इथे चाइल्ड लाइफ स्पेशालिस्ट म्हणतात. ती सरळ जमिनीवर बसली, मनूला तिच्याकडे वर बघावं लागणार नाही अशी, आणि विचारलं, "दुखण्याला तुमच्या घरी काय म्हणतात?" मनूने सांगितलं. तिने फळ्यावर इंग्रजी अक्षरांत मोठ्ठं 'बाऊ' लिहिलं. त्यानंतर खोलीत येणारा प्रत्येक माणूस, अगदी हाडांचे डॉक्टरसुद्धा, "बाऊ कसा आहे?" असंच विचारत होता. घरापासून इतक्या लांब आपला शब्द परक्यांच्या तोंडून ऐकून मलाच भरून आलं.

मी सवयीने मनूला म्हटलं, "काही नाही होणार हं." मी काय म्हणाले ते त्या मुलीने विचारून घेतलं आणि हळूच सांगितलं, असं नका म्हणू. मग तिने मनूला सगळं क्रमाने सांगितलं. आधी फस्स असा आवाज येईल, सोड्याची बाटली उघडल्यासारखा. त्याने कातडी बधिर होईल. मग सुई. सुई लगेच बाहेर येईल, आत फक्त मऊ नळी राहील. थोडं दुखू शकतं. रडलीस तरी चालेल. तुझं काम एकच, हा हात स्टॅच्यू ठेवायचा. आणि तुला बघायचंय की नाही, ते तू ठरव.

मनू म्हणाली, बघायचंय. मला वाटलं होतं, ती तोंड फिरवेल.

मला पलंगावर मागे बसवलं आणि मनूची पाठ माझ्या छातीशी टेकवली. तिला दाबून कुणीच धरलं नाही. माझ्या लहानपणी साताऱ्यात दवाखान्यात चार माणसं हातपाय धरायची. ती वाईट नव्हती, पण मला आठवतं ते इंजेक्शन नाही, ते धरणं आठवतं.

एक हात मोडलेला, दुसरा स्टॅच्यू, म्हणून साबणाच्या फुग्यांची कडी मी तिच्या तोंडासमोर धरली. पहिल्या दोन फुंकरींत नुसते थेंब उडाले. "हळू, लांब," ती मुलगी म्हणाली. तिसऱ्यांदा एक फुगा थरथरत मोठा होत गेला आणि नर्सच्या कोपरावर जाऊन फुटला. घाबरून श्वास रोखून धरला तर फुगा येत नाही, एवढीच त्यातली युक्ती. फस्स झालं. सुई गेली. मनू रडली, खरंच रडली, पण हात हलला नाही.

हे काम कुठून आलं ते नंतर वाचलं, तर त्याचं एक मूळ याच गावात निघालं! मूळच्या व्हिएन्नाच्या एमा प्लँक यांनी 1955 मध्ये इथल्या क्लीव्हलँड सिटी हॉस्पिटलमध्ये आजारी मुलांच्या खेळाची आणि शिक्षणाची सोय सुरू केली. आईबापांना ठरावीक वेळेपुरतंच भेटू देण्याचा तो काळ.

आपल्याकडे अशी माणसं मोजक्याच ठिकाणी असतील, पण आपल्या आज्यांना यातलं बरंच येत होतं. गुडघा आपटला की आजी आधी चोळायची, मग फुंकर घालायची. मेलझॅक आणि वॉल या दोघा संशोधकांनी 1965 मध्ये मांडलं की स्पर्शाचे संदेश मज्जारज्जूतच वेदनेची वाट अडवतात. आजीचं चोळणं म्हणजे तेच. फरक मला जाणवला तो फुंकरीत. आपण मुलाच्या जखमेवर फुंकर घालतो, इथे फुंकर मुलाच्याच तोंडात दिली. दुखतंय ज्याला, त्याच्या हाती काहीतरी काम असावं, हे मला तोवर सुचलं नव्हतं.

शस्त्रक्रिया नीट झाली. हाडात दोन तारा घातल्या. त्या तीन आठवड्यांनी बाहेरून ओढून काढायच्या होत्या, भूल न देता.

त्या दिवशी गाडीत पुन्हा मागून आवाज आला, "आज दुखेल?"

"हो, थोडं दुखेल. दोन तारा आहेत. एक निघेल, मग दुसरी. मी मागे बसेन."

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "फुगे मी काढते. बाऊवर तू फुंकर घाल."