शिडं कधी उभारणार, कॅप्टन?

गुलेट या तुर्की लाकडी बोटीवर फिरून आलेल्या बहुतेकांची तक्रार एकच असते. दोन उंच डोलकाठ्या, त्यांना नीट गुंडाळून बांधलेली शिडं, आणि प्रवास मात्र सगळा डिझेल इंजिनावर. तक्रार खरी आहे. पण मी लाकडी फर्निचर बनवते, त्यामुळे कुठलीही लाकडी वस्तू दिसली की ती कशासाठी अशी केली असेल, हे आधी बघते. गुलेट त्या नजरेने पाहिली की तिच्यावरचा राग बराच कमी होतो.

आम्ही, म्हणजे मी आणि माझी मावशी, तुर्कस्तानातल्या बोद्रुमहून गोकोवाच्या आखातात गेलो होतो. बंदरावर पहिल्याच संध्याकाळी मी बोटीच्या मागच्या बाजूला जाऊन उभी राहिले. गुलेटचा मागचा भाग रुंद आणि गोलसर असतो. त्यामुळे तिथे ऐसपैस जागा मिळते: जेवणाचं लांब टेबल, त्यामागे गाद्या घातलेला अर्धगोल कट्टा, वर कापडी छत. पुढच्या डेकवरही उन्हात पडायला गाद्याच गाद्या. शेजारी तिरहांदिल जातीची एक बोट उभी होती. तिची घडण जुनी, भुईमुगाच्या शेंगेसारखी दोन्ही टोकांना निमुळती. लांबी रुंदीच्या साधारण तिप्पट ठेवायची, हे तिचं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं माप. ती पाण्यात सुरेख चालते, पण तिच्यावर डझनभर पाहुण्यांचं जेवण मांडता येणार नाही. गुलेटने चाल थोडी सोडली आणि जागा कमावली, असा सरळ हिशोब आहे.

हा हिशोब पर्यटनाच्या काळातला. त्याआधी या किनाऱ्यावरच्या बोटी मासे धरायच्या, माल वाहायच्या आणि समुद्राच्या तळातून स्पंज काढणाऱ्या पाणबुड्यांना घेऊन जायच्या. 1925 साली जेवात शाकिर नावाच्या लेखकाला एका लेखाबद्दल शिक्षा म्हणून बोद्रुमला हद्दपार केलं. तेव्हा ते अगदी आडगाव होतं. शिक्षा संपल्यावर हा गडी पुन्हा तिथेच येऊन राहिला, मच्छीमारांत मिसळला आणि ‘हालिकार्नासचा कोळी’ या नावाने लिहू लागला (हालिकार्नास हे बोद्रुमचं प्राचीन नाव). चाळीसच्या दशकापासून तो साबाहात्तिन एयुबोलू, आझरा एरहात अशा मित्रमंडळींना घेऊन साध्या कामाच्या बोटींतून याच आखातात भटकायचा. शिदोरीला पाव, चीज, तंबाखू आणि अर्थात राकी, म्हणजे बडीशेपेच्या चवीची तिथली दारू. त्या भटकंतीला ‘मावी योल्जुलुक’, निळा प्रवास, हे नाव पडलं आणि आज सगळ्या किनाऱ्याचा धंदा त्याच नावावर चालतो. पुढे 1986 च्या सुमाराला भूमध्य समुद्रातल्या स्पंजांवर रोग पडला आणि आधीच उतरणीला लागलेला तो धंदा पार बसला. बोटी आणि माणसं पाहुण्यांकडे वळलीच होती, आता परतीची वाटही उरली नाही.

बोद्रुमच्या इच्मेलेर भागात बोटी बांधण्याच्या जागा आहेत. मला खरं तर तिथेच मुक्काम ठोकायचा होता. जुन्या पद्धतीत आधी तळाचा कणा, मग बरगड्या, मग बाहेरून फळ्या. लाकूड बहुतेक त्याच प्रदेशातल्या पाइनचं. बरगड्यांसाठी तुतीचं लाकूडही वापरत, कारण ते नैसर्गिकच वाकडं वाढतं आणि चिवट असतं. फळ्यांच्या सांध्यांत कापसाची वात ठोकून वर लुकण भरतात. पाण्यात गेल्यावर लाकूड फुगतं आणि सांधा आवळतो. आमच्या धंद्यात लाकूड फुगलं की गिऱ्हाईक भांडायला येतं, इथे त्याच्याच भरवशावर माणसं समुद्रात जातात! अलीकडे मात्र महोगनीच्या पातळ पट्ट्या इपॉक्सी गोंदाने चिकटवून बांधलेल्या गुलेट बऱ्याच असतात आणि काही तर आतून चक्क पोलादी. वरून कळतही नाही.

आता शिडांचं. मावशीने पहिल्याच सकाळी कॅप्टनला विचारलं, “शिडं कधी?” खुणांनीच, पण त्याला समजलं. “इन्शाल्ला,” तो म्हणाला. मावशी माझ्याकडे वळून म्हणाली, “म्हणजे नाहीच.”

पण उत्तर वाऱ्यात होतं. उन्हाळ्यात इथे मेल्तेम वाहतो, उत्तरेकडून किंवा वायव्येकडून. गोकोवाचं आखात पश्चिमेला उघडं असल्यामुळे तो वळून आत शिरतो आणि दुपारी जोर धरतो. आत जाताना वारा पाठीशी, येताना थेट तोंडावर. रुंद, जड गुलेट वाऱ्याच्या तोंडावर शिडाने चढू शकत नाही. म्हणून परतीला पहाटे, वारा उठायच्या आत, इंजिन सुरू करून निघतात. शिवाय दोन-तीन खलाशी. तेच शिडं ओढणार, तेच चहा देणार आणि नांगर टाकल्यावर मागचा दोर घेऊन पोहत जाऊन तेच किनाऱ्याला बांधणार.

आखातातल्या चोकेर्तमे गावाच्या पुढे एका दुपारी मात्र कॅप्टनने इंजिन बंद केलं. मागून वारा आला, शिडं भरली, बोट जेमतेम कलली. वेग काही फार नव्हता. पण इंजिनाची धडधड थांबल्यावर फळ्या आणि दोर करकरताना ऐकू यायला लागले. मी डेकवर कान लावून पडले, मावशी म्हणाली, “उठ गं, लोक बघतायत.”

बाकीचं थोडक्यात. सेदिर बेटावरची वाळू बारीक गोल दाण्यांची आणि संरक्षित आहे. त्यावर टॉवेल टाकायला बंदी, अंगाला चिकटलेली वाळू धुऊनच बाहेर पडायचं. क्लिओपात्रासाठी ती इजिप्तहून आणली ही गोष्ट सगळे सांगतात, भूगर्भशास्त्र ऐकत नाही. रात्री केबिनमध्ये उकडतं, खुशाल डेकवर झोपा. शाकाहाऱ्यांचे हाल होत नाहीत: टोमॅटोत ऑलिव्ह तेलावर शिजवून गार वाढलेली फरसबी मावशीने दोनदा मागून घेतली.

बुकिंग करताना केबिनचे फोटो मागण्यापेक्षा विचारा, की शिडं खरंच वापरता का आणि मार्ग वाऱ्याच्या कुठल्या बाजूने आखलाय. ज्यांना निव्वळ शिडांचीच हौस आहे त्यांच्यासाठी ऑक्टोबरातला बोद्रुम कप आहे. 1989 पासून चालत आलेली ही लाकडी बोटींची शर्यत, आणि तिच्यात पाहुण्यांनाही बोटीवर घेतात. मावशी तयार आहे. शर्यतीच्या दिवशी जेवण वेळेवर मिळतं का, एवढं तिला आधी कळायला हवंय.