घर नसलेल्या पत्त्यावर

प्रागचा किल्ला, चार्ल्स पूल, घड्याळाखाली माना वर करून थांबलेली गर्दी, सगळं रीतसर उरकलं. शहर देखणं आहे, पण पाय ठेवायला जागा नाही. मला ओढ प्रागमधल्याच लिबेन या भागाची होती. चेक लेखक बोहुमिल ह्राबाल १९५० ते १९७३ तिथे, ना ह्राझी गल्लीत २४ नंबरच्या घरात राहायचा.

"ते पाडलंय ना?" नवऱ्याने विचारलं.

पाडलंयच. १९८८ मध्ये, मेट्रोच्या कामात. तरी पिवळ्या लाइनने पालमोव्काला उतरलो. वर आलो तर ट्रामचे रूळ, बस स्टँड आणि डिझेलचा वास. तिथल्या लांबलचक भिंतीवर ह्राबाल चितारलाय. सोबत पुस्तकं, टाइपरायटर आणि मांजरी. बसची वाट बघणारे त्याच्याकडे पाठ करून मोबाइलमध्ये. आधी चिडले. मग वाटलं, पिठ्यात बसून लोकांच्या गप्पा टिपणाऱ्या या माणसाला असलीच जागा आवडली असती.

ऐंशीच्या दशकात त्याने आपली कहाणी तीन भागांत लिहिली, पण त्यात 'मी' म्हणते ती त्याची बायको, एलिश्का. ती जर्मन घरातली. महायुद्धानंतर चेकोस्लोव्हाकियातून जर्मनांना हाकललं तेव्हा तिचं घरदार तुटलं, ही मागे राहिली. अशी पोळलेली मुलगी ना ह्राझीच्या अंगणात येते आणि या बढाईखोर, पिऊन येणाऱ्या, भित्र्या माणसाशी लग्न करते. स्वतःची एवढी टर बायकोच्या तोंडून उडवायची म्हणजे प्रेमच, असं मला वाचताना वाटलं होतं. त्या भिंतीसमोर मात्र शंका आली. तिचं दुःखही यानेच सांगून टाकलं, तिला काय आठवत होतं ते आपल्याला कुठे कळलं? १९८७ मध्ये ती गेली, वर्षभरात घरही.

"मी तुझ्या तोंडून ब्लॉग लिहू का?" मी नवऱ्याला विचारलं.

"लिही. आपण इथे तासभर बस स्टँड बघितला, हे नक्की लिही."

एका सकाळी ह्रादिश्त्को गावी ह्राबाल आणि एलिश्काच्या कबरीवर गेलो. लोकांनी वाहिलेली चिनी मातीची मांजरं आहेत तिथे. मग निंबुर्क गावातली, त्याचं बालपण गेलं ती बिअरची भट्टी. त्याच्या नावाची पाटी मुद्दाम जमिनीलगत लावलीय. कुत्र्यांना पाय वर करता आला पाहिजे, ही त्याचीच इच्छा. फोटोसाठी नवरा उकिडवा बसला आणि उठताना कंबर धरली. पुढचं सगळं सामान मीच ओढलं.