सहा कॉलमची बातमी, पाच ओळींची दुरुस्ती

जळगावच्या सराफ बाजारामागे आमच्या माडीवर पाच बंगाली कारागीर भाड्याने राहायचे. त्यातल्या एकाला गंभीर गुन्ह्यात अटक झाली. दुसऱ्या दिवशी एका दैनिकात पहिल्या पानावर सहा कॉलमी मथळा होता, 'रोहिंग्या घुसखोराचे कृत्य'. सोबत आमच्या माडीचा फोटो, दारात उभ्या चौघांच्या चेहऱ्यांसह.

भाडेकरू पडताळणीचे कागद माझ्याकडे होते. पोलिसांच्या प्रेसनोटमध्ये रोहिंग्या हा शब्दच नव्हता. आणि तो खरंच म्यानमारमधून जीव वाचवून आलेला रोहिंग्या असता, तरी गुन्हा एकाचा की सगळ्यांचा? १९५१ च्या निर्वासितांविषयीच्या करारावर भारताने सही केलेली नाही. निर्वासित कोण, हे ठरवणारा वेगळा कायदाही इथे नाही. म्हणून पेपरने लावलेला शब्दच माणसाला चिकटतो.

काका म्हणाले, "तुले काय पडेल शे?" मला राईनपाडा आठवत होता. १ जुलै २०१८ ला साक्री तालुक्यातल्या त्या गावात मुलं पळवणारे समजून भटक्या समाजातल्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. ते धुळे जिल्ह्यातलं, आपल्याच खान्देशातलं.

आधी संपादकांना रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवलं. पंधरा दिवस उत्तर नाही. मग वृत्तपत्रांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या दिल्लीच्या भारतीय प्रेस परिषदेकडे जायचं ठरवलं. दैनिकाविरुद्धची तक्रार बातमी छापल्यापासून दोन महिन्यांत जावी लागते. कात्रण, त्याचं इंग्रजी भाषांतर, संपादकांना लिहिलेल्या पत्राची प्रत, सगळं जोडलं.

अडलो एका प्रतिज्ञापत्राशी. तक्रारीचा विषय कोर्टात प्रलंबित नाही, असं लिहून द्यायचं होतं. खटला तर चालू! दोन रात्री पेन हातात धरून बसलो. शेवटी ओळखीच्या वकीलताईंनी गाठ सोडवली : "गुन्हा केला की नाही, हे कोर्ट बघेल. त्यावर एक अक्षर लिहू नका. रोहिंग्या हा शब्द आणि चौघांचा फोटो, एवढ्याबद्दलच दाद मागा." मी 'तो निर्दोष आहे' हे वाक्य खोडलं. खोडताना वाईट वाटलं, पण ते मला माहीतही नव्हतं.

परिषद दंड करू शकत नाही. ताकीद देते, निषेध नोंदवते. तरी तिची नोटीस पोहोचताच संपादकांचा फोन आला. पहिल्या पानावरच्या चुकीची दुरुस्तीही ठळकपणे छापा, असं मी तीनदा सांगितलं. छापली पाचव्या पानावर, पाच ओळींत : आरोपी रोहिंग्या असल्याची माहिती चुकीची होती.

तोवर चौघांतले दोघे गावी निघून गेले होते. उरलेल्या दोघांना मी दुरुस्ती वाचून दाखवली. धाकट्याने विचारलं, "दादा, आमच्या फोटोचं काय लिहिलंय?"

त्याबद्दल एक शब्दही नव्हता. त्या मुद्द्यावर मी तक्रार मागे घेतलेली नाही.