कारवारला उतरलो, तेरा वर्षं उशिरा

कारवारला जाणारे लोक देवबाग, गोकर्ण, मासे अशी यादी करतात. आमची यादी एका ओळीची होती: परमवीर चक्रवाल्या मेजर राणेंचा पुतळा. आमची म्हणजे आबांची. आबा मागच्या वर्षी गेले आणि यादी आईकडे आली.

आधी कबूल करून टाकतो. २०११ साली आम्ही सगळे गाडीने याच रस्त्याने गेलो होतो. गोकर्णहून परतत होतो, मी चालवत होतो, आबा मागे. कारवारचा किनारा लागला तसे म्हणाले, "डाव्या अंगाला जरा घे. राणेसाहेबांचा पुतळा आहे." पोरगी उलट्या करत होती, पणजीचं बुकिंग होतं, माझं डोकं फिरलं होतं. मी म्हटलं, "पुढच्या खेपेला, आबा." ते "बरं" म्हणाले आणि काच वर केली. दहा मिनिटांचं काम होतं.

गेल्या डिसेंबरात आईला घेऊन निघालो. रात्रीची गाडी, शेजारी मोठ्याने मोबाइल ऐकणारं कुटुंब, म्हणजे नेहमीचंच. सकाळी काळी नदी ओलांडली. रस्त्यावरचा जुना पूल २०२४च्या ऑगस्टमध्ये कोसळला, हे मी आईला पूल ओलांडून झाल्यावर सांगितलं. कारवारचं स्टेशन गावापासून लांब, शिरवाडला. आई रिक्षावाल्याशी मराठीत भांडली, तो कोकणीत भांडला, आणि भाडं दोघांनाही पटलं. पुढच्या तीन दिवसांत गोकर्ण आणि याण झालं. याणला आईचे गुडघे धरले, यापलीकडे त्यावर लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

किनाऱ्याला रवींद्रनाथ टागोरांचं नाव आहे. तिथे वाळूला लागून नौदलाची निवृत्त क्षेपणास्त्र नौका संग्रहालय करून ठेवली आहे, आयएनएस चपल. नाव ऐकून आईने आधी स्वतःच्या पायांकडे पाहिलं. शाळेची सहल आली होती, पोरं नौकेच्या नावाने किंचाळत होती. आणि शेजारी मेजर राम राघोबा राणे, परमवीर चक्र. त्यांच्या पुतळ्यापाशी कुणी नव्हतं. कडेला कुणीतरी दुचाकी टेकवून ठेवली होती. ती मी उचलून सरकवली. गाडीवाला आला असता तर भांडायची माझी पूर्ण तयारी होती, पण तो आला नाही.

आबा बॉम्बे सॅपर्समधले, म्हणजे सुरुंग काढणाऱ्या, पूल बांधणाऱ्या लष्करी इंजिनिअरांतले. हवालदार म्हणून पेन्शनीत निघाले. राणेही त्याच सॅपर्सचे, इथल्या चेंडिया गावचे. १९४० साली, बावीस वर्षांचे असताना, साधे शिपाई म्हणून भरती झाले आणि १९६८ साली मेजर होऊन निवृत्त झाले. आबांना परमवीर चक्राइतकंच याचंही कौतुक. एप्रिल १९४८ची, काश्मीरच्या लढाईतली हकिकत तर ते जेवताना भाकरीच्या तुकड्यांवर मांडून सांगायचे. हा नौशेरा, हा राजौरी, मधला रस्ता सुरुंगांनी भरलेला. ८ तारखेला सुरुंग काढायला सुरुवात होतेय तोच तोफगोळे पडले. दोन जवान ठार, पाच जखमी, त्यात राणे स्वतः. तरी माणूस मागे गेला नाही. ११ तारखेपर्यंत अडथळे फोडत, सुरुंग काढत रणगाड्यांना वाट करून देत राहिला. इथवर आलं की आई म्हणायची, "भाकरी गार झाली." आम्ही हसायचो. हा भाग मला तोंडपाठ होता, पण मी कधी नीट ऐकला नव्हता.

आईने चपला काढल्या. पदर डोक्यावर घेतला, देवळात घेते तसा. पुतळ्याकडे बघत म्हणाली, "हेच ना ते दोऱ्यावाले?"

"कसल्या दोऱ्या?"

"अरे, रणगाड्याखाली शिरले होते ना हे. खालून सरपटत जायचं, सुरुंग चुकवायचे आणि आतल्या ड्रायव्हरला दोऱ्यांनी खुणा करायच्या. विसरलास? ह्यांनी तुम्हाला किती वेळा खेळवलंय."

मी तिथल्या कट्ट्यावर बसलो.

आबा वर्षातून दोन महिने रजेवर यायचे. काळी ट्रंक, तिच्यावर पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर. रजेत पहाटे उठून ते आईच्या साड्या धुवायचे. गावात लोक हसायचे, त्यांना फरक पडायचा नाही. आणि संध्याकाळी रणगाडा. आबा बाजेखाली पालथे पडायचे, बाजेवर मी आणि ताई. आमच्या मनगटांना नाडीचे तुकडे बांधलेले, दुसरी टोकं आबांच्या हातात. डावी नाडी ओढली की आम्ही डावीकडे कलायचं, उजवी ओढली की उजवीकडे. मग आबा पाठीवर बाज उचलून पुढे सरकायचे आणि आम्ही ओरडायचो. जमिनीवर आईच्या बांगड्या ठेवलेल्या असायच्या, त्यांना बाजेचा पाय लागता कामा नये.

पंचेचाळीस वर्षं मी समजत होतो की हा खेळ आबांनी आमच्यासाठी काढलाय.

१९७१च्या लढाईनंतर सीमेवर पेरलेले सुरुंग पुन्हा काढायचं काम त्यांच्या तुकडीकडे होतं, एवढं मला माहीत होतं. त्याबद्दल ते एक अक्षर बोलायचे नाहीत. आई म्हणाली, त्यानंतरच्या रजेत तिला शेताच्या बांधावरून पुढे चालू देत नव्हते. स्वतः पुढे, हातात काठी, आणि "माझ्या पावलावर पाय ठेव." नवी नवरी, लोकांसमोर लाजायची. राग यायचा, म्हणाली. बराच वेळ काही बोललो नाही दोघं. सहलीच्या बाई शिट्टी मारत होत्या.

तिथूनच ताईला फोन लावला. रणगाडा आठवतो का? तर लगेच म्हणाली, "दोन्ही नाड्या एकदम ओढल्या की थांबायचं."

"नाही गं, तेव्हा आपण उडी मारायचो."

"उडी तू मारायचास. म्हणून तर बांगड्या फुटायच्या."

फोन स्पीकरवर होता. आई चपला घालत म्हणाली, "दोघांनाही काही आठवत नाही. दोन ओढल्या म्हणजे मागे यायचं होतं." आणि नारळपाणीवाल्याला भाव विचारायला निघाली.